सूनबाईंची दोन आडनावं

अहो, ऐकलंत का? या की जरा भिंतीजवळ. मोठ्यानं बोलायला नको, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी इकडेच उघडते. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकूंच्या मुलाचं जमलं! हो, तोच, पुण्याच्या कंपनीनं बार्सिलोनाला पाठवलेला. मुलगी तिकडचीच, स्पॅनिश. आता एवढं तुम्हाला माहीत असणारच, अख्ख्या लेनला माहीत आहे. पण हळदीकुंकवाला तुम्ही नव्हतात ना, म्हणून पुढचं सांगते.

आम्ही सगळ्या जमलो होतो. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, आणि काकूंनी मोबाईल काढला. पोरगी गोड आहे हो, खोटं कशाला बोलू. फोटोखाली तिचं नाव आणि नावापुढं दोन आडनावं. फेरर गार्सिया. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सरळपणे विचारलं, "दोन का ओ? आधी एक लग्न झालंय का हिचं?"

झालं! काकूंच्या हातातलं पंचपाळं हातातच राहिलं. आत काका टीव्ही बघत होते, त्यांनीसुद्धा आवाज बंद केला. लगेच मुलाला व्हिडिओ कॉल. इकडे दिवेलागण, तिकडे दुपार, बिचारा जेवत होता. तोंडातला घास गिळून म्हणाला, "आई, इथे सगळ्यांनाच दोन असतात. जन्मापासून. पहिलं बाबांचं, दुसरं आईचं. गार्सिया तर इथलं सगळ्यात जास्त सापडणारं आडनाव आहे, आपल्याकडच्या पाटलांसारखं." काकूंचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांच्या लेकीनं मध्येच विचारलं, "मग लग्नानंतर तिसरं लागणार का?"

"छे गं, इथे लग्नानंतर बायका नाव बदलतच नाहीत."

परत चेहरा पडला! मुलगा पुढं बरंच सांगत होता, की मुलांना दोघांचं पहिलं पहिलं मिळतं, आणि 2000 सालापासून आईचं आडनाव आधी लावायचीही तिकडे मुभा आहे. पण काकू ऐकताहेत कशाला? त्यांचं एकच, "म्हणजे आमचं लावणारच नाही?"

तर काय सांगत होते... हां, त्या फेररचा अर्थ. काकूंना वाटलं, आडनाव एवढं वेगळं आहे म्हणजे घराणं मोठं असणार. सरदार-बिरदार. काका बाहेर येऊन म्हणाले, "डेव्हिड फेरर होता ना टेनिसवाला, 2013 ला फ्रेंच ओपनच्या फायनलला नदालकडून हरला तो." तेवढ्यानंही काकू खुलल्या होत्या. पण लेक कुठली गप्प बसायला? फोनमध्ये बघून म्हणाली, "आई, फेरर म्हणजे लोहार. लोखंडावरून आलंय. बार्सिलोना-व्हॅलेन्सियाकडं बोलतात त्या कॅटलान भाषेतलं. स्पेनच्या मधल्या भागात त्याचंच हेरेरो होतं, पोर्तुगीजांत फेरेइरो. इंग्रजांचा स्मिथ तोच."

"लोहार?" काकू एवढंच म्हणाल्या. मला तर राग आला. त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे, सांगा बरं! ऐरण-हातोड्याशिवाय कुणाचा नांगर चालला होता? पण मी गप्प बसले. बोलणारी दुसरीच बसली होती.

त्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई हो! कडक. त्या शेंगाचटणीची पुडी पिशवीत टाकत म्हणाल्या, "काकू, तुमचं आडनाव काय हो?" काकूंचं आडनाव तुम्हाला ठाऊक आहे, मी उच्चारत नाही, पण शेवट 'नीस'वरच आहे. बाई म्हणाल्या, "नीस म्हणजे फारसीतला नवीस. लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, हसबनीस, सगळे लेखणीवाले. फारसी लिहिणारा तो पारसनीस, हिशेब लिहिणारा तो हसबनीस."

"म्हणजे आम्ही कारकून?" काकू.

"मग! मी जन्मभर बँकेत तेच केलं की," काका म्हणाले आणि असे हसले, असे हसले! त्यांच्याकडं बघून आम्हालाही आवरेना.

वरच्या वहिनी तर आता सुटल्याच. त्यांचं सासर इथलंच, सोलापुरातल्या भद्रावती पेठेतलं, हातमागावर पोट भरायला तेलंगणातून आलेलं. म्हणाल्या, "आमच्यात बघा की, कोंडा म्हणजे डोंगर, गुर्रम म्हणजे घोडा, गड्डम म्हणजे चक्क दाढी! आणि आमच्यात घराचं नाव आधी, माणसाचं नंतर. इकडं शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीनं मागं गेलं." खरंच की हो, आता आपले कामगार पुढारी नरसय्या आडम मास्तर तिकडं असते तर लोक त्यांना आडम नरसय्याच म्हणाले असते. इतकी वर्षं या गावात राहते, पण हे कधी मनात आलं नव्हतं बघा.

आणि कोपऱ्यात बसलेल्या आजी... त्यांचं माहेर मनमाडकडचं. त्या एकदम म्हणाल्या, "फेरर? आमचे फेरर फादर!" सगळ्यांनी माना वळवल्या. व्हिसेंते फेरर, बार्सिलोनाचेच! 1952 ला आले, मनमाडच्या दुष्काळी भागात विहिरी खोदायला शेतकऱ्यांना मदत केली. 1968 ला सरकारनं त्यांना देश सोडायला सांगितलं, तर हजारो शेतकरी त्यांच्यासाठी मुंबईकडं चालत निघाले. पुढं इंदिराबाईंच्या कृपेनं परत आले आणि अनंतपूरला राहिले ते 2009 ला जाईपर्यंत. पाद्रीपण सोडून 1970 ला लग्नही केलं, ॲन पेरीशी. आणि गंमत म्हणजे त्या ॲनबाईंनी मात्र फेरर लावलं. त्या इंग्लंडच्या ना!

काकूंनी तेवढंच उचललं. "बघा, तिनं लावलं!"

तर बाई शांतपणे म्हणाल्या, "काकू, आपल्या सोलापूरच्या चिनी सुनेनं काय केलं, आठवतंय ना?"

आता हे काय सांगायला हवं? भैय्या चौकातलं डॉक्टर कोटणीसांचं स्मारक आपण येता-जाता बघतो. आडनाव तेही 'नीस'वालंच, कोटाचं, म्हणजे किल्ल्याचं लिहिणारा. 1910 चा जन्म, आणि 1938 ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात आपले द्वारकानाथ. तिथं पाचही जणांनी चिनी नावं घेतली, प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. अख्ख्या आडनावातलं एवढंसं 'के' उरलं हो! तिथल्याच दवाखान्यातल्या क्वो चिंगलानशी 1941 ला लग्न झालं. ती क्वोच राहिली. चीनमध्येही बायका आडनाव बदलत नाहीत. म्हणजे सोलापूरच्या घरात सून आली, तिनं काही बदललं नाही, बदललं ते मुलानं! पोराचं नाव ठेवलं यिनहुआ, अर्धा हिंदुस्थान आणि अर्धा चीन. 1942 च्या ऑगस्टमध्ये पोर झालं आणि डिसेंबरात डॉक्टर गेले, अवघे बत्तीस वर्षांचे. शांतारामबापूंनी 1946 ला सिनेमा काढला, स्वतः कोटणीस झाले आणि जयश्री झाली चिनी बायको. माझ्या सासूबाईंना तो सगळा पाठ होता. त्या 'के'ला लोक तिकडं अजून फुलं वाहतात, शिजियाझुआंगला पुतळा आहे.

हे ऐकून काकू गप्प झाल्या. रागावल्या नव्हत्या, पण विचारात पडल्या होत्या. मग हळूच लेकीला म्हणाल्या, "ते फेरर नीट लिहून घे गं, पत्रिकेत चुकायला नको." तरी जाता जाता मला दाराशी धरलंच, "गार्सिया वगळलं तर चालेल का हो? जागा पुरायची नाही."

जागा पुरत नाही म्हणे! मामा, मावशी, आत्या आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली छापायला जागा आहे, आणि सुनेच्या आईचं आडनाव तेवढं जड होतंय. आपल्याकडं तरी नाव बदलायलाच हवं असा कायदा कुठाय? नुसती सवय. मी म्हणते, दोन्ही छापा, ठळक छापा. तुम्हाला त्या भेटल्या तर तुम्हीपण जरा सांगा की. माझं नाव मात्र घेऊ नका हं, सांगून ठेवते.