‘कोणी हात लावलाय?’

नानांच्या कार्डावर ‘हार्डवेअर अँड नेटवर्किंग’ असं भारदस्त काहीतरी छापलेलं आहे, पण आमच्या सी.ए.च्या ऑफिसात ते ‘सर्व्हरवाले नाना’. पुण्यात हे नाना घरटी नसले तरी बिल्डिंगटी एक सापडतील. पतसंस्थेत असतात, छापखान्यात असतात, शाळेच्या ऑफिसात तर असतातच. साठीच्या आसपासचं वय, खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर, खांद्याला काळी बॅग. पगारावर नसतात, एएमसीवर असतात, पण वावर असा की मालकाने उठून खुर्ची द्यावी. दारातून आत येताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “कोणी हात लावलाय?” नाही म्हटलं तरी विश्वास बसत नाही. हो म्हटलं तर बसतो, पण मग पुढचा अर्धा तास तुमचा नाही.

त्यांच्या बॅगेत जुना टूथब्रश, धूळ उडवायचा ब्लोअर, बटण-सेलचं पाकीट, स्क्रूंनी भरलेली हिंगाची डबी आणि एक पांढरा खोडरबर असतो. खोडरबर बघून नवे आर्टिकल्स, म्हणजे सी.ए.ची उमेदवारी करणारी पोरं, एकमेकांना कोपराने ढोसतात. मग कधीतरी एखादा पीसी नुसताच बीप देऊन बसून राहतो. नाना त्याची रॅम काढतात, सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवतात, फुंकर मारून परत बसवतात, आणि पीसी निमूट चालू होतो. त्या दिवसापासून ढोसाढोशी बंद. रॅमला थोडा हिंगाचा वास राहतो, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

आमचा सर्व्हर पँट्रीशेजारच्या कपाटात असतो. त्याच्यावर विंडोज सर्व्हर २००८ आर-टू आहे. त्याचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, संपला. साहेबांनी विषय काढला तेव्हा नाना म्हणाले, “त्यांचा संपला. माझा कुठे संपलाय?” आणि दुसऱ्या दिवशी कॅबिनेटवर तिळगुळाची वडी ठेवून गेले. एकदा मदरबोर्डावरचा बटण-सेल संपला आणि सर्व्हरची तारीख थेट २००९ मध्ये गेली. सगळे हवालदिल. नाना खुशीत. “बरं झालं की! तेव्हा जीएसटी नव्हता.”

त्यांचा खरा जीव बॅकअपवर. दर शुक्रवारी एका डिस्कवर प्रत काढून ती घरी नेतात, कारण एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवीच. ती काकूंच्या कपाटात पैठणीखाली असते. काकू एकदा म्हणाल्या होत्या, “लग्नाला नेसायची म्हटली तरी आधी तुमच्या ऑफिसची परवानगी काढावी लागते.” महिन्यातून एकदा नाना त्यातली कुठलीतरी एक फाइल उघडून बघतात. परत आणून बघितला नाही तो बॅकअप नव्हेच, हे त्यांचं ठाम मत. “पण नाना, सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत ना? एकीचं सगळं दुसरीवर उमटतं, मग बॅकअप कशाला?” असं एकीने विचारलं. नाना थांबले. “अगं, आरशासमोर उभं राहून मिशी काढली तर आरशातली राहते का?” तिला मिशीचा अनुभव नव्हता. पण पुढे एका आर्टिकलने अशिलाचं आख्खं फोल्डर उडवलं आणि दोन्ही डिस्कांनी ते एकाच क्षणी, अत्यंत आज्ञाधारकपणे पुसलं, तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

आणि हे सगळं असूनही गणपतीत व्हायचं ते झालं. नाना कोकणात गेले होते. कपाटातून ‘पीं… पीं…’ सुरू झालं. यूपीएस ओरडतोय असं सर्वांनी एकमताने ठरवलं. शिपायाने कपाटाच्या फटीत उशी कोंबली. ३० सप्टेंबरची टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर असताना पीं-पीं कोण ऐकणार? नाना परतले त्याच सकाळी सर्व्हर बंद पडला. पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. बॅकअप होता, पण गावाला जाण्याआधीचा. मधलं सगळं काम त्या कपाटात.

नानांनी उशी काढली, तिच्याकडे बघितलं, शिपायाकडे बघितलं आणि उशी त्याच्या हातात दिली. बोलले काही नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

“हार्ड डिस्क गेली,” एक आर्टिकल म्हणाला. “चेक-डिस्क मारू का?”

“हात लावू नकोस! मरायला टेकलेल्या डिस्कवर चेक-डिस्क मारली तर लिहायला जाते आणि उरलंसुरलं घालवते. आधी प्रत, मग उपचार.”

“यूट्यूबवर डिस्क फ्रीजरमध्ये ठेवतात, नाना.”

“फ्रीजरमध्ये मटार ठेवतात, बाळा. डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं.”

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पहिल्या डिस्कला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. सगळं ऑफिस श्वास रोखून. आतून टक्… टक्… टक्. हेडला आपली जागा सापडत नाही, परत परत मागे येतंय. “ही गेली. पीं-पीं हिच्यासाठीच होती.” दुसरी डिस्क मात्र व्यवस्थित फिरत होती. ती आपल्या लॅपटॉपला जोडून त्यांनी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही याची खात्री केली आणि तिच्या तब्येतीचा तक्ता उघडला. पाच नंबरला शून्य, एकशे सत्त्याण्णवला शून्य, म्हणजे तबकडी ठणठणीत. एकशे नव्याण्णवला भलामोठा आकडा. नाना हसले. हा आकडा वाढतो तो वाटेत डेटा बिघडला की, म्हणजे बहुतेक वेळा केबलने. त्या लाल सॅटा केबलचं टोक त्यांनी बोटांत धरून हलवलं, तर ते दातासारखं हललं. वर पकड नावाला उरली होती.

एवढं कळल्यावर कोणीही नवी केबल लावून मोकळा झाला असता. नानांनी नाही लावली. डीडीरेस्क्यूने आधी आख्ख्या डिस्कची प्रत काढली. “ठणठणीत आहे ना?” साहेबांनी घड्याळाकडे बघत विचारलं. “हो. म्हणूनच आत्ता काढतोय.” पाचशे जीबी, सुमारे दीड तास. तेवढ्यात तीन चहा झाले आणि कोकणातल्या प्रत्येक घरच्या गणपतीचं वर्णन झालं. प्रत पूर्ण झाली, तापकीर गल्लीतून आणलेली केबल लागली, सर्व्हर चालू झाला. टाळ्या वाजल्या. नानांच्या चेहऱ्यावर मात्र किंचित निराशा होती. केस फारच सोपी निघाली होती.

संध्याकाळपर्यंत मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसली आणि आरसा पुन्हा भरायला लागला. साहेबांनी नव्या सर्व्हरचं कोटेशन मागितलं. नानांनी बॅगेतून काढून दिलं. तारीख गेल्या दिवाळीची होती, खाली टीप: ‘जुना सर्व्हर देऊ नये. उपयोगी पडेल.’

नाना निघाले तेव्हा शिपाई ती लाल केबल कचऱ्यात टाकत होता. नानांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, गुंडाळली, वर कागदाची चिठ्ठी चिकटवली, पेनाने लिहिलं ‘खराब (थोडी)’, आणि बॅगेत टाकली.