द्वेषाचं दरपत्रक

विद्यापीठात द्वेषाचं बोलणं खपवून घ्यावं की नाही, यावर जगभरचे विचारवंत घसा कोरडा करत बसले आहेत. दिल्लीच्या जेएनयूने मात्र नोव्हेंबर 2023मध्ये सरळ दरच लावून टाकला. धर्म, जात किंवा समाजाविरुद्ध असहिष्णुता भडकवलीत, दंड 10,000 रुपये. देशविरोधी काही केलंत, तरी तेवढाच. आणि वर्ग भरतात त्या इमारतीपासून 100 मीटरच्या आत धरणं धरलंत, तर 20,000पर्यंत, नाहीतर थेट हकालपट्टी. विनापरवाना फ्रेशर्स पार्टी 6,000.

म्हणजे बसणं महाग, भडकवणं निम्म्या भावात. मला तरी यात काही खटकलं नाही. द्वेषाला एक तोंड पुरतं. धरण्याला सतरंजी लागते, पोरं जमतात, डफ वाजतो आणि साहेबांच्या गाडीला मागच्या गेटने जावं लागतं. प्रशासनाला मनस्ताप कशाचा जास्त?

शिवाय प्रशासनाला भिंतीवरचा द्वेष फार सोयीचा. डिसेंबर 2022मध्ये याच विद्यापीठाच्या भिंतींवर ब्राह्मणविरोधी घोषणा रंगवलेल्या सापडल्या. लगेच निषेध, लगेच चौकशीचे आदेश. घोषणा वाईटच होत्या, त्यात वाद नाही. पण भिंतीचा फोटो काढता येतो, तिच्यावर चुना फासता येतो.

हळू आवाजातल्या द्वेषाचं काय करणार? मेसमध्ये ताट घेऊन शेजारी बसलेला मुलगा हसतमुखाने विचारतो, ‘रँक किती रे तुझी?’ प्रश्न चार शब्दांचा, शिवी एकही नाही. पण उत्तरावरून कोटा कळतो, आणि कोटा कळला की उद्यापासून प्रोजेक्टच्या गटात जागा नसते. पवईच्या आयआयटीने जुलै 2023मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, की जेईईची रँक आणि गेटचे गुण एकमेकांना विचारणं बरं नव्हे. हेही बोलण्यावरचं बंधनच. माझं मत विचाराल, तर घोषणा देऊ द्याव्यात, त्यांना उलट घोषणा देता येते. ‘रँक किती’ला उलट उत्तर नसतं.

तसं हे सगळं यूजीसीला आधीच सुचलं होतं. 2012च्या समताविषयक नियमांत लिहिलं होतं, की वर्गात कुणाची जात जाहीर करायची नाही, ‘राखीव’ असा शिक्का मारायचा नाही, मागे पडलेल्याची जात काढायची नाही. नियम छापून झाले, फायलीला लागले. मे 2019मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने आयुष्य संपवलं. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आयुष्य संपवलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नवा कायदा हवा म्हणून नव्हे. जो नियम आहे तो पाळा, एवढं मागायला.

त्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत एक भेदभावविरोधी अधिकारीही नेमायचा होता. हे साहेब कुठे बसतात, ते जवळच्या कॉलेजात जाऊन विचारून पाहा. ऑफिसातले भाऊसाहेब आधी तुमचं नाव विचारतील. तुम्ही सांगाल. मग ते म्हणतील, ‘नाही, पूर्ण नाव.’