पाठीनं पाहिलेला ‘शोले’

आमचे मोठेबाबा सिनेमा डोळ्यांनी कमी आणि उरलेल्या देहानं जास्त पाहत. कामरगावात गणपतीत भाड्याचा व्हीसीआर यायचा. चौकातल्या ताडपत्रीवर त्यांच्या शेजारी बसायला कोणी धजत नसे. ती जागा पुतण्या म्हणून मला वारसाहक्कानं मिळाली होती.

सिनेमात पाऊस लागला की ते धोतर गुडघ्यावर घेत. वाळवंट आलं की तांब्या रिकामा. कोणी कड्याला लोंबकळला की माझं मनगट त्यांच्या मुठीत. तो वर येईस्तोवर माझी बोटं काळीनिळी. हिरोला चापट बसली तर गाल त्यांचा फिरे, पण हिरोनं मारलेला ठोसा मला बसे. ही वाटणी मला कधीच पटली नाही.

7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले, त्यात आगगाडी येते तोही होता. पॅरिसात म्हणे ती गाडी पाहून लोक पळाले. दंतकथाच असावी. मोठेबाबा पळाले नसते. कारंज्याला शकुंतला गाडीची वाट पाहून मुरलेला माणूस. पिशवी उचलून जागा धरायला पडद्याकडे धावले असते.

1975 चा ‘शोले’ आमच्या चौकात बऱ्याच वर्षांनी पोचला. बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागले आणि जन्मभर बैलगाडी हाकलेल्या मोठेबाबांनी माझा सदरा मागून कासऱ्यासारखा धरला. जीभ टाळूला लावून टकटक सुरू. वळणावर ते कलले की मीही कलायचो.

“हयू हाक व माय, चाक निखयन!”

चाक निखळलंच. मोठेबाबा माझ्या पाठीवर आडवे. बायका खिदळल्या. ते उठले, धोतर झटकलं आणि ‘मी सांगत नव्हतो?’ अशा नजरेनं चौकभर पाहिलं.

त्याआधी ठाकूरचे हात गेले, तेव्हा यांनी आपले दोन्ही हात शालीत ओढून घेतले होते.

“फुटाने टाक तोंडात.”

“तुमचे हात आहेत ना?”

“कुठी आहेत बे?”

एकेक फुटाणा भरवत मी टांग्यापर्यंतचा सिनेमा काढला होता; टांगा संपल्यावर हात पुन्हा शालीत, फुटाणे पुन्हा सुरू. मार नव्हता, म्हणून तक्रारही नव्हती. मग शेवटी ठाकूर खिळ्यांचे जोडे घालून गब्बरकडे निघाला. मोठेबाबा पायांनीच अंधारात आपल्या वहाणा चाचपू लागले. मी फुटाण्यांची पुडी तिथंच ठेवली आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसलो.