पारायणातील श्रमविभाजन

शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र दासगणूंनी 21 अध्यायांत ओवीबद्ध केले आणि बुलढाणा जिल्ह्यात त्याचे पारायण, म्हणजे नेमाने केलेले संपूर्ण वाचन, घरोघरी रुजले. या साधनेत आधुनिक भक्ताने केलेली प्रगती स्तुत्य आहे, कारण ओठ ओवीवर, कान कुकरच्या शिट्टीकडे, अंगठा उरलेली पाने चाचपण्यात आणि डोळा चौरंगाशेजारच्या मोबाइलवर, असे इंद्रियांचे श्रमविभाजन योगशास्त्रालाही साधले नव्हते. मन तेवढे रिकामे उरते. त्याला कर्जाचा हप्ता नेमून द्यावा. 1878 साली महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचण्यात गढलेले, असे परंपरा सांगते. एका वेळी एकच काम जमणे ही त्या काळाची मर्यादा मानावी लागेल.