लिफ्ट सोडा म्हणणाऱ्यांस

कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशिम

नियमित व्यायामातले अडथळे दूर करण्याचे सात सोपे उपाय सांगणाऱ्या सल्लागार महोदयांस,



आपली यादी पोचली. ती दर जानेवारीत पोचते, जूनमध्ये योगदिनाला पुन्हा पोचते आणि दोन्ही वेळा तीच असते. लिफ्ट सोडून जिन्यानं जा. गाडी कार्यालयापासून लांब लावा. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर एक चक्कर मारा. सूचना उत्तम आहेत. फक्त लिफ्ट सोडायची तर आधी ती असावी लागते, आणि आमच्याकडे जिना चढतात तो गच्चीवर वाळवण घालायला. हेही चालवून घेतलं असतं. पण यादीच्या शेवटी ठळक अक्षरांत एक वाक्य असतं: खरा अडथळा मनात असतो, इच्छा असली की मार्ग सापडतो. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

इच्छेला इकडे कोणता मार्ग सापडतो ते पाहा. पहाटे पाचला विदर्भातल्या मोठ्या गावांच्या वेशीबाहेर पोरं-पोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं, गुण सेकंदांवर ठरतात. थंडीत अंधारात उठून अनवाणी पळणाऱ्या या मुलांना जिद्दीचे धडे द्यायची गरज नाही. शेताच्या धुऱ्यावर पळता येत नाही, पावसाळ्यात काळी माती पायाला गोळ्यांनी चिकटते, सपाट आणि कोरडी जागा एकच उरते, ती म्हणजे डांबरी रस्ता. 7 ऑगस्ट 2025 च्या पहाटे गडचिरोली जिल्ह्यात काटली गावाजवळ आरमोरी रस्त्यावर व्यायामाला आलेल्या मुलांना ट्रकनं उडवलं. चार मुलं गेली. त्याच वर्षी जानेवारीत बीडजवळ घोडका राजुरी इथं भरतीसाठी धावणारे तिघे तरुण एसटी बसखाली गेले. चार आणि तीन सात, तुमच्या उपायांइतकेच. त्यांना मार्ग सापडला होता, महोदय. तो महामार्ग होता. या सातांची इच्छा नेमकी कुठं कमी पडली, तेवढं एकदा ठळक अक्षरांत छापा.

आमच्या तालुक्यात पळण्यासाठी राखीव जागा नाही असा मात्र कोणाचा गैरसमज नको. कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, ते काळविटांसाठी. समृद्धी महामार्ग आहे, तो मोटारींसाठी; त्यावर पायी चालायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. काळविटाची सोय झाली, मोटारीची झाली. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याचा प्रस्ताव तेवढा अजून कोणी पाठवलेला दिसत नाही.

अडथळा मनात असतो, हे म्हणणं आकड्यांसमोरही टिकत नाही. 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार 2022 साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के होतं, बायकांत 57. आळस हेच कारण असेल, तर तो बाई-पुरुष पाहून मुक्कामाला येतो का? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात याचं सरळ उत्तर आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषाची 88. फरक 201 मिनिटांचा, तोही रोजचा. जागतिक आरोग्य संघटना मध्यम व्यायामाची मागते ती आठवड्याला 150 मिनिटं. म्हणजे बाईचा आठवड्याचा व्यायाम एका दिवसाच्या फरकात बसवून वर एक्कावन्न मिनिटं उरतात. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं तिला सांगता तेव्हा तो कोणाच्या खिशातून काढायचा, हेही सांगत जा. घरात पाणी भरायला, भाकरी थापायला दुसरा हात लागला तरच तिचा वेळ निघेल, आणि दुसरा हात लावा हा उपाय तुमच्या यादीत नाही.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला घरचाच: गावातल्या माणसाला व्यायाम कशाला, शेतात राबतो, घरात खपतो, झालं की. पण पुरेशी हालचाल मोजताना शेतातलं आणि घरातलं कामही धरतात. ते धरूनच 57 टक्के निघाले आहेत. निंदणाला, कापूस वेचायला जाणारी बाई त्या दिवसांत तुमच्या दीडशे मिनिटांच्या कितीतरी पुढं असते. तिला व्यायामाआधी पाठ टेकायला हवी. सोयाबीन सोंगून झालं, तुरी निघाल्या, मग मृगापर्यंत काय? आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार, शेताला दुचाकीवर जाऊन बांधावरूनच परतणारा मालक, औषधाच्या गोळीबरोबर ‘रोज चाला’ अशी चिठ्ठी घेऊन आलेली मधुमेही आजी? राबणाऱ्याला तुमची यादी नको आहे. ज्याला हवी आहे, त्याला चालायला जागा नाही.

दुसरा आक्षेप असा की जागा दिली तरी लोक येत नाहीत, गावोगावच्या ओपन जिमची यंत्रं गंजत पडलीत. खरं आहे. लोखंड उभं करून व्यायाम होत नाही, त्याला शिकवणारा लागतो आणि सोबत लागते. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, तिथली माणसं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आली, आणि मंडळ आजही चालू आहे. जागा, शिकवणारा आणि रोजची सोबत, या तिन्ही गोष्टी तिथं एकत्र होत्या. एकेकट्याच्या जिद्दीवर शंभर वर्षं निघत नाहीत.

तुमच्यावरही फार रागावता येत नाही. तुम्ही हे सगळं खुर्चीत बसून लिहिता, मान आखडेपर्यंत, बहुधा शब्दाच्या दरानं. तुमचाही जिना राहूनच जात असेल. त्यात तुमचीही इच्छा कमी पडली, असं आम्ही म्हणणार नाही.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी यादीवरचा पत्ता बदला. आमच्याऐवजी ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि जिल्हा परिषद, वाशिम यांना लिहा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान हवंच म्हटलं आहे; ते पहाटे कुलपात कशासाठी? सात उपाय नकोत, एकच प्रश्न विचारा: पाच ते सात या वेळात मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहील?