उतारशास्त्री

डेन्व्हरच्या मराठी मंडळींत गणपतीच्या आरतीनंतर कुणी सहज म्हणालं, "यंदा मुलांना स्कीइंगला न्यावं म्हणतोय, कुठे जाऊ?" की मागच्या बाजूला एक गृहस्थ हातातला मोदक ताटलीत ठेवतो. तोंडाशी नेलेला मोदक परत ठेवणारा मराठी माणूस एरवी शोधून सापडायचा नाही. तो पुढे येतो, विचारणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "आधी सांग, पास कुठला घेतलायस?"

हा उतारशास्त्री. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी संगणकाची, एक गुडघा डॉक्टरांनी दुरुस्त केलेला. जन्म सांगली-सोलापूरकडचा, त्यामुळे पंचविशीपर्यंत बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. आता मात्र कोलोरॅडो आणि युटातल्या डोंगरांबद्दल असा बोलतो, की सातबाऱ्यावर त्याचंच नाव असावं.

पासाचा प्रश्न त्याच्या दृष्टीने कुलगोत्राचा आहे. इथे पंथ दोन. एपिक पास व्हेल रिसॉर्ट्‌सने २००८ साली काढला, आयकॉन पास अल्टेराने २०१८ साली. व्हेल, ब्रेकनरिज, कीस्टोन ही पहिल्या पंथाची क्षेत्रं. विंटर पार्क, कॉपर, स्टीमबोट दुसऱ्याची. पास नसेल तर व्हेलला ऐन हंगामात एका दिवसाच्या तिकिटाला ३०० डॉलरच्या वर मोजावे लागतात, म्हणून शहाणी माणसं आकाशातून एक कण पडलेला नसताना वर्षाचे पैसे भरून मोकळी होतात. आणि एकदा पैसे भरले, की त्या डोंगराच्या प्रेमात पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उतारशास्त्र्याचं सगळं शास्त्र या पासामागून चालतं, असं माझं मत आहे. त्याला ते मान्य नाही.

पुरावा म्हणून अरापाहो बेसिन घ्या. इथली माणसं त्याला ए-बेसिन म्हणतात. २०१९ पर्यंत ते एपिकवर होतं आणि शास्त्रीबुवाही एपिकवर होते. तेव्हा ते सांगायचे, "डोंगर म्हणावा तर हा! पायथ्याशी ना हॉटेलं, ना दुकानं. शिखर १३,०५० फुटांवर. जूनमध्येसुद्धा लोक पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून, शेगड्या पेटवून बसतात." पुढे गर्दी झेपेना, गाड्या लावायला जागा पुरेना, म्हणून ए-बेसिनने एपिकशी काडीमोड घेतला. त्याच हिवाळ्यात शास्त्रीबुवांना तिथला वारा टोचू लागला. "अरे, एवढ्या उंचीवर धड श्वास घेता येत नाही, स्कीइंग कसलं करतोस?" ए-बेसिन तोवर आयकॉनवर गेलं होतं. मग शास्त्रीबुवांनीही आयकॉन घेतला, आणि वाऱ्याचा गुण पालटला. "वारा पाहिजेच! दुसरीकडचा बर्फ उडवून आणतो आणि या वाडग्यात भरून ठेवतो. रात्री काही पडलं नाही तरी सकाळी ताजा."

गंमत म्हणजे दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वारा टोचतोही आणि बर्फही आणतो.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मी त्यांचा शिष्य आहे. नवखा माणूस रिसॉर्टचं पत्रक उघडतो आणि एकरांना भुलतो. व्हेल म्हणे ५,३१७ एकर! शास्त्रीबुवा यावर डोळे मिटून हसतात. "एकर विकत घेणार आहेस का? उताराचं तोंड कुठे आहे ते विचार." उत्तरेकडे तोंड असलेल्या उताराला उन्हाचा ताप कमी, तिथला बर्फ दिवसेंदिवस भुसभुशीत राहतो. दक्षिणेकडचा दुपारी वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी त्यावर स्की घातली, की मोझॅक टाइलवर पातेलं ओढल्याचा आवाज येतो. व्हेलचे ते जगप्रसिद्ध बॅक बोल्स बरेचसे दक्षिणाभिमुखच आहेत. वादळानंतरच्या सकाळी तिथे स्वर्ग; ऊन पडल्यावर चार दिवसांनी गेलात तर स्वर्गाची फक्त पाटी.

"आणि किती इंच पडला हे त्यांना विचारूच नकोस," हे त्यांचं दुसरं सूत्र. यात विद्येचा आधार आहे. डार्टमाउथ कॉलेजच्या झिनमन आणि झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टांनी जाहीर केलेला बर्फ आणि प्रत्यक्षातला बर्फ ताडून पाहिला, तेव्हा रिसॉर्टांच्या हिशेबात शनिवार-रविवारी बर्फ जास्त पडत असल्याचं दिसलं. गिऱ्हाईक कधी येतं हे ढगांनाही कळतं म्हणायचं. पुढे लोक लिफ्टमध्ये बसूनच फोनवरून खरी परिस्थिती कळवायला लागले आणि ही सूज उतरली.

रंगांचंही तेच. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळी चौकट कठीण, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हे रंग प्रत्येक डोंगर आपल्यापुरते ठरवतो. एकीकडचा निळा दुसरीकडे काळा म्हणून खपेल. "मी ब्लॅक उतरतो" असं कुणी सांगितलं, तर शास्त्रीबुवा फौजदारासारखे विचारतात, "कुठला? ठिकाण सांग." या निकषावर ते कॉपरला मानतात. तिथला डोंगर निसर्गानेच वाटून ठेवला आहे: एका टोकाला शिकाऊ, मध्ये मध्यम, दुसऱ्या टोकाला कसलेले. पहिल्यांदा उभं राहायला शिकणाऱ्या बाईच्या पाठीवर कुणी विशीतला पोरगा ताशी चाळीस मैलांनी येऊन आदळण्याची शक्यता कमी. पत्रकावर याला एकरांइतका मोठा टाइप मिळत नाही.

त्यांचं प्रवचन खरं रंगतं ते लिफ्टमध्ये, कारण तिथून श्रोत्याला उठून जाता येत नाही. पाय अधांतरी, खाली पन्नास फुटांवर पाइनचे शेंडे, आणि शेजारी हे. १९३६ साली आयडाहोच्या सन व्हॅलीत जगातली पहिली चेअरलिफ्ट झाली, ती बांधणाऱ्या रेल्वेच्या इंजिनिअरला केळ्यांचे घड जहाजात चढवणाऱ्या आकड्यांवरून कल्पना सुचली होती, इथपासून सुरुवात होते. मग १९८१ साली ब्रेकनरिजला चौघांना नेणारी झपाट्याची लिफ्ट आली, तिथे आवाज चढतो. "लोकांना वाटतं, लिफ्ट जितकी वेगवान तितकं रिसॉर्ट चांगलं. अरे, वेगवान लिफ्ट माणसं पटापट वर ओतते. रांग कमी दिसते, कारण ती सगळी रांग उतारावर सोडलेली असते! जुनी रखडत जाणारी लिफ्ट बघ. वर पोचायला दुप्पट वेळ, पण उतरताना डोंगर रिकामा." हे ऐकताना माझ्या भुवयांवर बर्फ साठला होता आणि आमची लिफ्ट मध्येच थांबलेली होती. मुद्दा बिनतोड होता हे तरीही मान्य करतो.

आय-७० महामार्गावर मात्र शास्त्र संपतं आणि अध्यात्म सुरू होतं. शनिवारी पहाटे साडेपाचला निघालात तर आयझेनहॉवर बोगद्यापलीकडे सूर्योदय. साडेसहाला निघालात तर बोगद्याअलीकडे दुपार. म्हणून बोगद्याच्या डोक्यावरच वसलेल्या लव्हलँडला शास्त्रीबुवा, दोन्ही पंथांबाहेरचं असूनही, आदराने दोन हात जोडतात. विंटर पार्कला तर डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून रेल्वे जाते, मोफॅट बोगद्यातून निघते आणि लिफ्टच्या पायाशी सोडते. मला विचाराल तर रिसॉर्ट श्रेष्ठ ठरायला एवढं पुरे. शास्त्रीबुवांना ते पुरत नाही. गाडीत बसून गर्दीला शिव्या घालण्याचं सुख रेल्वेत कुठलं?

काही निकष ते चारचौघांत बोलत नाहीत. मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघून सांगतात, "तिथल्या लॉजमध्ये घरचा डबा खाऊ देतात." डबा म्हणजे जॅकेटच्या आतल्या खिशातली चटणी-पोळीची गुंडाळी. बाहेरच्या खिशात ठेवली तर बारा हजार फुटांवर तिची काठी होते, हा अनुभव त्यांनी मुलांच्या पिढीला सोपवला आहे. पुण्याहून आलेल्या आईंसाठी निकष वेगळा. ब्रेकनरिजचं गावच ९,६०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोनपट उंचीवर. आईंचं डोकं धरतं. पण गावातून डोंगराकडे जाणारा गोंडोला फुकट आहे हे कळल्यावर त्या स्वेटरवर पदर घेऊन लागोपाठ फेऱ्या मारत बसल्या. आईंच्या यादीत ब्रेकनरिज पहिलं आहे आणि दुसरं कुठलं नाही.

पण वर्षानुवर्षं शास्त्रीबुवांच्या यादीत शिरोभागी होतं ते युटातलं आल्टा. कोरडा, हलका, कमरेएवढा बर्फ. दरड कोसळावी तसा बर्फ कोसळायचा धोका असेल तेव्हा पाहुण्यांना इमारतीबाहेर पाऊल टाकायला कायद्याने बंदी. आणि मुख्य म्हणजे स्नोबोर्डवाल्यांना मज्जाव. "शिस्त! परंपरा! तिथे फक्त स्की!" असं ते टेबलावर हात आपटून सांगायचे. मग त्यांच्या मुलीने स्की माळ्यावर टाकल्या आणि स्नोबोर्ड घेतला. घरात त्यावर काय बोलणं झालं ते ठाऊक नाही, पण पुढच्या गणपतीत आल्टा यादीत नव्हतं. "आडवं फार चालावं लागतं तिथे," ते म्हणाले. "आणि आजच्या काळात कुणालाही बंदी? हे कसलं रिसॉर्ट?"

या सगळ्या काळात वहिनी काय करत होत्या, हे कुणी विचारलं नाही. त्या प्लास्टिकच्या चार बकलांच्या बुटांत, आधी टाच टेकवत, दोन मुलांच्या आणि स्वतःच्या अशा तीन जोड स्की खांद्यावर घेऊन पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालत होत्या. शास्त्रीबुवा पुढे गेलेले असायचे, बर्फ बघायला. चालता चालताच कधीतरी त्या नवऱ्यापेक्षा बऱ्या स्कीअर झाल्या. फेब्रुवारीत तीन मैत्रिणींना घेऊन त्या विमानाने सॉल्ट लेकला गेल्या आणि तिथून आल्टाला. शनिवार-रविवारी सकाळी तिथे गाडी लावायची तर आधी जागा राखून ठेवावी लागते. ती त्यांनी महिनाभर आधी ठेवली होती.

शास्त्रीबुवांनी रात्री फोन केला. "कसंय? वरचा थर कसाय? उत्तरेकडे गेलीस का?"

"अहो," वहिनी म्हणाल्या, "पार्किंग अगदी दारात मिळालं."