पाटीचा फोटो

आमच्या लोधिवलीत गुपित टिकत नाही. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचं गाव. सकाळी नाक्यावर तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहात आणि हातात काय आहे, एवढ्यावर चहावाला तुमचा दिवस सांगतो. कापडी पिशवी असेल तर बाजार, रेक्झिनची बॅग असेल तर सासुरवाडी, प्लास्टिकच्या फाइलीत कागद असतील तर खालापूरचं तहसील. त्याला कॅमेरा लागत नाही.

अशा गावातून आषाढातल्या एका रविवारी आम्ही सहा जण लोणावळ्याच्या भुशी धरणावर निघालो. धरणाच्या पायऱ्यांवर पाण्यापेक्षा माणसंच जास्त वाहत होती. म्हणून मेव्हणा म्हणाला, पुढे टायगर पॉइंटला जाऊ. त्या वाटेवर आयएनएस शिवाजी लागतं. आयएनएस म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज. हे जहाज १५ फेब्रुवारी १९४५पासून समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर उभं आहे आणि अजून एक इंचही हललेलं नाही. नौदलाचे इंजिनिअर इथे शिकतात. जमिनीवरच्या तळालाही जहाजच मानायचं, असा नौदलाचा रिवाज. त्यामुळे फाटकातून बाहेर पडणारा खलाशी ‘किनाऱ्यावर’ जातो. म्हणजे चिक्की आणायलासुद्धा किनाऱ्यावर!

हे ऐकून आत्याला राहवेना. “अगंबाई, डोंगरावर जहाज! काढ रे सगळ्यांचा फोटो.” मेव्हण्याने लांब काठी काढून तो काढला. चांगला आला म्हणून मोठा करून पाहिला, तेव्हा माझ्या टकलाच्या बरोबर वर लाल अक्षरांत दिसलं: फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. पाटी आम्ही पहिल्यांदा वाचली ती फोटोत.

काका अडतीस वर्षं पाताळगंगेच्या एका कंपनीत होते. तिथे गेटवर मोबाइल जमा करावा लागे, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. ते गाडीत बसता बसता म्हणाले, “१९२३चा कायदा आहे. शासकीय गुपितं. प्रतिबंधित जागेचं नुसतं चित्र काढलं तरी तुरुंग.” त्यासाठी हेतू देशाला घातक असावा लागतो, हे त्यांनी वडापाव झाल्यावर सांगितलं. मधला अर्धा तास आम्ही आत्याच्या चेहऱ्यावर घातक हेतू शोधत होतो.

पुसापुशी सुरू झाली. मेव्हण्याचा आयफोन. पुसलेला फोटो म्हणे कचरापेटीत तीस दिवस राहतो. माणसाचं तेरा दिवसांत आटोपतं, फोटोला तीस! तिथून काढला, तर पत्नीच्या मोबाइलवर आलेला. तिथून काढला, तर फॅमिली ग्रुपवर गेलेला, कारण आत्याने “जहाजावर आहोत” असं लिहून तो कधीच पाठवला होता. “सगळ्यांसाठी डिलीट कर,” असं मी ओरडलो. बदलापूरहून वहिनींचा लगेच निरोप आला: “डिलीट का केलास? छान होता. मी स्टेटसला ठेवलाय.”

मेव्हण्याच्या मनगटावर घड्याळही होतं, पावलं मोजणारं. हा प्रकार जास्त बेरकी. स्ट्रावा नावाच्या अशाच एका अॅपने २०१७च्या शेवटी जगभरच्या धावण्या-चालण्याचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि दोनेक महिन्यांत लोकांच्या ध्यानात आलं की अफगाणिस्तान, सीरियाच्या काळोखात मधूनच काही रेघा लखलखताहेत. तळाच्या कुंपणाच्या आतून सैनिक रोज सकाळी इमानदारीने धावत होते. फोटो एकानेही काढला नव्हता. पोट कमी करता करता नकाशा निघाला. आपल्या नौदलाने डिसेंबर २०१९मध्ये जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं, तेव्हा मला ते जरा जास्त वाटलं होतं. आत्याबरोबर एक रविवार काढल्यावर नौदलाचं पटलं.

गंमत म्हणजे ही जागा गुपितासाठी जुनी नामांकित आहे. तळाच्या शेजारीच कुरवंडे गाव. फेब्रुवारी १६६१मध्ये मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन इथल्याच घाटाने खाली आमच्या खालापूर तालुक्यात उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. दोन्हीकडे दाट रान, मध्ये चिंचोळी वाट, आणि रानात शिवाजी महाराज आहेत याचा खानाला पत्ता नाही. त्या रानात तासन्‌तास बसलेल्या शेकडो मावळ्यांपैकी एकालाही आपण कुठे आहोत ते घरी कळवावंसं वाटलं नाही. आमचा मेव्हणा त्यांच्यात असता, तर खानाने आधी त्याला लाइक दिलं असतं आणि मग वाट बदलली असती.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. काकांच्या हुकुमावरून सगळे मोबाइल बंद करून वडापावच्या पिशवीत घातलेले. अंधार पडता पडता लोधिवलीच्या नाक्यावर उतरलो. चहावाला भांडी आवरत होता. हातात पिशवी कुठली आहे, हे त्याने या वेळी पाहिलंसुद्धा नाही.

“काय, जहाजावर जाऊन आलात? फोटो झकास आहे. फक्त तुमच्या डोक्यावर लाल रंगात काय लिहिलंय, ते काही मला वाचता येईना. मूळ फोटो असला तर पाठवा ना.”